आर्वोनं धरलेला हात

आर्वो निस्केला लोखंडाच्या खाणीवर जन्मला आणि बहुधा त्याच दिवशी जगावर रागावला. मिनेसोटातल्या त्या गारठलेल्या गावाच्या कॉलेजला आइस हॉकीत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आर्वो कोच झाला आणि मोठमोठ्या विद्यापीठांच्या नाकी नऊ आले. कपाट चषकांनी भरलं, पण गडी हसला नाही. जिंकून आलेल्या पोरांनाही झापायचा, "नशिबानं वाचलात. पायात काय शिसं वतलंय का रं?"

एक रीत मात्र त्यानं कधी मोडू दिली नाही. सामना संपला की दोन्ही संघांनी रांगेनं एकमेकांचा हात हातात घ्यायचा. मग दात पडलेले असोत नाहीतर नाक फुटलेलं. ड्वेन पेल्टो त्याचा सगळ्यात लाडका गडी. त्यानं एकदा रांगेत मान फिरवली, तर आर्वोनं त्याला अंतिम सामन्यात बाकावर बसवलं. कॉलेज हरलं. गावानं आर्वोला हिवाळाभर शिव्या घातल्या.

आता तोच ड्वेन दुसऱ्या कॉलेजचा कोच होऊन आला होता. शनिवारी दुपारी त्याच्या एका धिप्पाड गड्यानं आर्वोच्या संघातल्या गनारला पाठीमागून कडेच्या फळ्यांवर आदळलं. पोरगं बर्फावर पडलं ते उठलंच नाही. स्ट्रेचरवर घालून नेलं. तिकडं ड्वेन आपल्या गड्याच्या पाठीवर थाप मारत होता. आर्वोनं ते डोळ्यांनी पाहिलं.

सामना आर्वोनंच जिंकला. भोंगा वाजला, पण पोरं जागची हलेनात. कप्तान म्हणाला, "कोच, आज न्हाई. त्यास्नी हात द्यायचा न्हाई. बाकावर बसवा न्हाईतर घरी धाडा आमाला."

आर्वोच्या कानशिलाची शीर तडतडत होती. त्यालाही ड्वेनचं थोबाड फोडायचं होतं. पण रांग मोडली, तर आजवर पोरांना दिलेली शिक्षा खोटी ठरत होती. आणि हात दिला, तर गनारच्या आईला कुठल्या तोंडानं भेटायचं?

"रांग लावा," तो गुरगुरला. "म्होरं मी."

कोच एरवी शेवटी असतो. आर्वो बुटांनी घसरत, सावरत थेट ड्वेनपुढं जाऊन उभा राहिला.

ड्वेननं हसून हात दिला. "झकास खेळलात, कोच. पोराला लागलं म्हनं. खेळात चालायचंच."

आर्वोनं हात धरला, तो सोडलाच नाही.

"सोडा की कोच. लोकं बघत्यात."

"बघू देत. हात द्यायला म्या शिकवलं. मागनं मारायला कुनी शिकवलं रं, मुडद्या?"

"म्या न्हाई सांगितलं त्याला."

"मग थाप कशाची मारलीस? दवाखान्यात त्याची आय बसलीया. चालायचंच म्हनून तिला सांग. तुज्या तोंडानं."

"आमची बस सुटंल!"

"सुटू दे."

म्हाताऱ्यानं त्याला तसाच ओढत बर्फावरून, दारातून, बाहेरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यांतून आपल्या ट्रकपाशी नेलं. मागं कप्तानानं एक कचकचीत शिवी हासडली आणि समोरच्या पोरापुढं हात केला.

आर्वोनं ड्वेनला स्टिअरिंगच्या बाजूच्या दारातूनच आत कोंबलं, पाठोपाठ चढला, आणि डावा हात वाकडा करून किल्ली फिरवली. उजवा अजून मोकळा नव्हता.