सुहासचं लिनक्स

परवा माळ्यावरचा जुना सीपीयू लावून बघितला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी थेट शिवाजी पेठेतल्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात जाऊन पोचलो.

दुकान माझं आणि सुहासचं. एकाच कॉम्प्युटरवर माझं विंडोज आणि त्याच्या हौसेचं लिनक्स, या दोन्ही सिस्टिम सुखानं नांदत होत्या. मग एक दिवस त्यानं पलीकडच्याच गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं. जाताना म्हणाला, "भावा, माझं लिनक्स काढून टाक की. तेवढीच जागा मोकळी हुईल तुला."

मी काढलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ. मशीन सुरू व्हायची वाटच त्याच्या लिनक्समधून जात होती, आणि ती वाट त्यानंच घातली होती. लबाड! आत ऐन लग्नसराईतल्या पत्रिका अडकलेल्या.

फोन लावला. पलीकडं गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"अरे, मशीन सुरूच हुईना. सांगितलं का न्हाईस?"

"दुरुस्तीवाल्याला दाखवा की, पावणं," सुहास म्हणाला. स्टँडवर उतरलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

विंडोजची सीडी घालून, धडपडत मीच ते सुरू केलं. सगळ्या पत्रिका जागच्या जागी होत्या. तेव्हा वाटलं, चला, निभावलं.

आज वाटतं, पत्रिका गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्यानं फोनवर एखादी सणसणीत शिवी हासडायला हवी होती. शिवी आपल्या माणसाला देतात.