चिंचेनं उठलेली रेघ

चाळीस सुऱ्या मी गोणपाटाखाली लपवल्या आणि दारात शेठची स्कूटर थांबली.

माझे हात चिंचेनं चिकट झालेले. पदराला पुसले. पिंकी झोळीत झोपलेली होती, तेवढं एक बरं.

आधी माझं काम सांगते. कामतघरला कापडाच्या लूमच्या शेडमागं आमचा गाळा. तिथं सुऱ्या बनायच्या, खाटकांच्या, हॉटेलवाल्यांच्या. मी चेकिंगला. म्हणजे शेवटी पीस माझ्या टेबलावर यायचा. मी पुसायची, उजेडात धरायची, डाग बघायची, तडा बघायची. चांगला असला तर कागदात गुंडाळायची, खराब असला तर खडूनं फुली. सातवी नापास बाईला बसून काम, आणि वर पोर झोळीत टाकायला परवानगी. पिंकी तेव्हा आठ महिन्यांची. मी सगळीकडं विचारून आले होते. लूमवर सुताच्या कांड्या भरायच्या कामाला गेले तर मुकादम दारातूनच बोलला, "बच्चा लेके मत आना." हे काम गेलं तर पोरीला ठेवू कुठं, दिवसभर डोक्यात तेवढंच.

माझ्या आधी जी चेकिंगला होती, तिच्या हातून एक तडकलेला पीस पार्टीकडं, म्हणजे माल घेणाऱ्याकडं, गेला. दुसऱ्या दिवशी ती कामावर नव्हती.

तर त्या दिवशीचा माल नवा होता. साधं एक पोलाद नाय. शेठ त्याला लॅमिनेटेड बोलायचा. मला कळलं ते असं, की पुरणपोळी असते ना, मधे पुरण, वरखाली कणीक. तसं मधे कडक पोलाद, दोन्ही बाजूंनी नरम लोखंड. भट्टीत लाल करून, मधे टाकणखार घालून, हॅमरखाली ठोकून एकजीव करायचं. मग धार कडक राहते आणि सुरी मोडत नाय. पण हे सगळं मला नंतर कळलं. सकाळी कोणी काय सांगितलं नव्हतं. दोनशे पीस टेबलावर टाकले आणि बोलले, "चार वाजता पार्टी येणार, आटप."

चाळीसेक पीसवर ग्राइंडरच्या पाण्याचे डाग होते. फडक्यानं निघेनात. मला वाटलं, डाग राहिले तर मलाच बोलतील. पिशवीत आमटीसाठी घेतलेली चिंच होती. घरी पितळेचा डबा, विळी, सगळं मी चिंचेनंच घासते. भिजवली, घासली, जरा ठेवली, धुतली.

डाग गेले. आणि खाली रेघ उठली.

धारेच्या वर, बोटभर अंतरावर, काळी, नागमोडी, पार टोकापर्यंत. रेघेच्या वरचं लोखंड करडं झालेलं, ढगासारखं, खालचं चमकतंय. एकावर नाय, चाळीसच्या चाळीस. दोन्ही बाजूंनी! मी परत घासलं तर अजून काळी. सगळ्या सुऱ्या तडकल्या, आणि त्या मी तडकवल्या, असंच वाटलं. म्हणून गोणपाट.

शेठ आत आला ते पार्टीच्या माणसाला घेऊनच. चौधरीसाहेब, पांढरा सफारी, हातात ब्रीफकेस. चार वाजायला अजून अवकाश होता, तरी आला.

"किती झाले, सुरेखा?"

"एकशेसाठ, शेठ."

"दोनशे दिले होते. बाकीचे?"

शेजारच्या लूमचा खडखडाट एवढा, की मला वाटलं नाय ऐकलं असं दाखवावं. पण शेठ टेबलाजवळ आला. त्याचा पाय गोणपाटाला लागला आणि आतून खण्‌ वाजलं.

त्यानं गोणपाट उचललं.

चौधरीसाहेबानं एक सुरी उचलली, उजेडात धरली. "शौकतभाई, ये क्या है? क्रॅक?"

शेठचा चेहरा उतरला. मग माझ्याकडं वळून, "काय केलंस तू? काय लावलंस याला?"

"चिंच."

"काय?"

"चिंच, शेठ. डाग जात नव्हते. घरी लावतो तशी. मला नव्हतं माहीत... मी भरून देते, माझी चूक हाये, पण मला काढू नका शेठ, पोरगी..." आणि नेमकी पिंकी उठली आणि भोकाड पसरलं. मी तिला घेतलं तर माझ्या हाताच्या वासानं ती अजून रडायला लागली.

भट्टीवरचे पाटीलमामा आवाज ऐकून आले. अंजूर गावचे, म्हातारे, हॅमर तेच चालवायचे. त्यांनी सुरी घेतली, बघितली आणि हसायलाच लागले.

"आरं शेठ, ओरडतंस कशाला? ही जोडाची रेघ हाय. तडा न्हाय. चिंचेनं नरम लोखांड काला होतो, पोलाद तसाच ऱ्हातो. पोरीनी काय बिघरवला न्हाय, आतला होता तो भायेर दिसला." मग माझा अंगठा धरून नख रेघेवरून फिरवलं. "अरकतंय का?"

नख कुठं अडकलं नाय. गुळगुळीत होतं.

मला रडू येणार होतं ते थांबलं. पण चौधरीसाहेब मान हलवत होता. "चाचा, आपका नाखून मैं कस्टमर को भेजूँ क्या? लाइन कौनसी, क्रॅक कौनसा, मैं कैसे समझूँ? पूरा लॉट रिजेक्ट."

मामा बोलले, ठोकून आवाजावरनं सांगतो. पण लूम चालू असताना कामतघरला आवाजावरनं काय कळणार? शेठ परत माझ्याकडं बघायला लागला. त्या नजरेत मला ती आधीची बाई दिसली.

मग मी बोलले. कुठून धीर आला माहीत नाय. "शेठ, रॉकेल हाये का?"

आमच्या घरी स्टोव्हची टाकी गळत होती. कुठून ते दिसत नव्हतं. सासूबाईंनी टाकीला बाहेरून चुना फासला. जिथं बारीक भेग, तिथं रॉकेल झिरपून चुना ओला, काळपट. केसाएवढी भेग, तरी दिसली. मी चौधरीसाहेबाला तेच सांगितलं, अर्धं मराठी अर्धं हिंदी. सुरीला रॉकेल चोळायचं, थोडं थांबायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड टाकायची. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत परत येणार.

"करो," तो बोलला आणि स्टुलावर बसला.

पिंकीला कडेवर घेऊन मी एका हातानं फुलीचे खडू कुटले. मामा रॉकेल चोळत होते, शेठ स्वतः पुसत होता. चाळीस सुऱ्या ओळीत, पांढऱ्याफेक. आम्ही बघत उभे.

एकही ओली झाली नाय. पूड फुंकली, रेघा होत्या तशाच.

शेठनं हातातलं फडकं टाकलं. "देखा चौधरीसाब? चला, बांधा."

इथं मी गप्प बसायला पायजे होतं. पण माझी नजर त्या एकशेसाठवर. ते मीच चांगले म्हणून गुंडाळलेले, नुसतं डोळ्यांनी बघून. डोळ्यांनी बघून मी जोडालाच तडा समजले होते, ते तर दिसलंच होतं.

"शेठ, बांधलेले पण खोला."

"डोकं फिरलं काय तुझं?"

"खोला शेठ. मीच पास केलेत."

शेठनं माझ्याकडं जसं बघितलं ते मी विसरणार नाय. पण चौधरीसाहेब समोर बसलेला, त्याच्यापुढं नकार देता येईना. खोलले. सहा वाजून गेले. पिंकी खांद्यावर झोपली.

एकशेसाठात तीन सुऱ्यांवर पूड ओली झाली. जोडावरच, मुठीकडच्या टाचेजवळ, बारीक काळी रेघ हळूहळू वर आली. तिन्ही चकचकीत, एक डाग नाय. मामांनी त्यातली एक शिकंज्यात धरून वाकवली तर पापुद्रा सुटला.

चौधरीसाहेबानं तो पापुद्रा बोटानं उचलून बघितला. मग त्यानं माझी एक चिंच लावलेली सुरी घेतली, ढगाळ करडी, नागमोडी रेघेची, आणि ब्रीफकेसमधे टाकली. "सॅम्पल," बोलला. "माल टेम्पो में डालो."

तो गेल्यावर मी झोळी सोडायला लागले. शेठ दाराशी उभा. "सुरेखा, उद्या..." बोलला आणि थांबला, विडी पेटवली.

"उद्या येताना पाव किलो चिंच आण. चौधरीसाब जाताना बोलला, पुढच्या सगळ्या पीसवर तशीच रेघ पायजे."

पिंकी आता शाळेत जाते आणि मी अजून त्याच टेबलावर आहे. नवीन बाई आली की तिला मी दोन गोष्टी सांगते. माल कसला ते आधी विचार, मग पूस. आणि डाग नसलेल्या पीसवर रॉकेल जरा जास्त चोळ.