कामाची हजेरी

पंचफुलाबाईंच्या योगवर्गात दारातच हजेरी होई, पण ती नावाची नव्हे, कामाची. राळेगावच्या सार्वजनिक हॉलच्या उंबरठ्यावर त्या उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारत, "आज काय केलं?" कोणी निंदण केलेलं असे, कोणी धुणीभांडी, कोणी दिवसभर दुकानात बसलेली असे. उत्तराप्रमाणे आसन ठरे. निंदणाऱ्यांनी पोटावर झोपून भुजंगासन करायचं, बसणाऱ्यांनी उभं राहायचं. मला हा प्रकार आधी अगदीच अडाणी वाटला होता.

मी इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मोबाइलवर बघून बघून मला बरीच आसनं येत होती आणि त्याचा तोरा मी काही लपवत नव्हते. पहिल्याच दिवशी पाय पसरून बसले, कपाळ गुडघ्यांना टेकवलं आणि शाबासकीची वाट बघत तशीच राहिले. बाई शेजारी येऊन बसल्या. "अंग लवचिक हाय तुमचं," त्या म्हणाल्या, "पण मॅडम, श्वास कुठी ठेवून आल्या?" खरंच की, मी श्वास रोखून धरला होता. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी पोचेपर्यंत कान तापलेलेच होते.

पंचफुलाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. वर्षानुवर्षं रोगी उचलून त्यांनी स्वतःच्या कमरेचा पार निकाल लावून घेतला होता. श्वासावर लक्ष ठेवायला त्या लहानपणी विहारात शिकल्या. आसनं मात्र निवृत्तीनंतर शिकल्या, दर रविवारी एसटीने यवतमाळला जाऊन, नातीच्या वयाच्या मुलींबरोबर. तेव्हाची वही त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यात यम-नियमांच्या पानावर एकाच शब्दाखाली तीन रेघा मारलेल्या होत्या: अहिंसा. "सगळ्यात पयले हेच शिकवलं आमाले," त्या सांगत. "मंग सुरुवात कोणापासून करसान? शेजारणीपासून? आपल्या कंबरेपासून करा ना माय."

म्हणून पेरणीपासून कापूस वेचून होईपर्यंत त्यांच्या वर्गात पुढे वाकायची आसनं बंद असत. "दिवसभर वाकूनच राह्यल्या, अन् इथंबी कायले वाकता?" मी म्हणे, अहो, पण अभ्यासक्रमात आहे ते. "अभ्यासक्रम लिवणाऱ्यानं कधी कापूस वेचला काय?" त्या विचारत.

त्यांचा हा हट्ट एकदा फार महागात पडला. हॉल आम्हाला तात्पुरता मिळाला होता. तो वर्गाकडेच राहणार की दुसऱ्या कोणाला जाणार, हे योगदिनाच्या कार्यक्रमावर ठरणार होतं. ज्या साहेबांच्या हातात ते होतं त्यांनी स्पष्टच सांगितलं, आसनांच्या छापील क्रमाने सगळं नीट झालं तर हॉल तुमचा. मी पदर खोचला. आठ दिवस बायकांकडून तो क्रम घोटवून घेतला. पंचफुलाबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. हॉल त्यांनाही हवा होता, कारण तो गेला असता तर त्यांच्या अंगणातल्या गळक्या टिनाच्या शेडशिवाय दुसरी जागा नव्हती. "करा," एवढंच त्या म्हणाल्या.

नेमकी योगदिनाच्या आदल्याच दिवशी सरकी टोबायची घाई सुरू झाली. वितावितावर वाकून एकेक बी मातीत घालायचं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. दुसऱ्या दिवशी आमच्या बायका मैदानावर आल्या त्या कमरेवर हात ठेवूनच. समोर मोठी ताडपत्री, पुढच्या रांगेत नवा पांढरा टी-शर्ट घातलेले साहेब, आणि स्टेजवर माइक बाईंच्या हातात. पहिलंच आसन उभं राहून पुढे वाकण्याचं. साहेबांनी वाकून पायांना हात लावलेसुद्धा. बाईंनी मात्र एकदा सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि माइकवरच विचारलं, "काल काय केलं?"

"सरकी टोबली!" आमच्या चारही रांगा एकदम ओरडल्या.

"मंग झालं तुमचं वाकणं. झोपा समद्या. श्वास सोडा आरामानं."

चारही रांगा ताडपत्रीवर आडव्या झाल्या. साहेब अंगठे धरून तसेच राहिले, कारण सोडा म्हणून कोणी सांगेचना. थोड्या वेळाने एका बाईचं घोरणं स्टेजपर्यंत ऐकू आलं.

हॉल गेला. मी तडक बाईंच्या अंगणात जाऊन भांडले. "तुमच्या हट्टापायी गेला," मी म्हणाले.

"गेला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ते मला दिसलं, तरी मी बोलायची थांबले नाही, याची आज लाज वाटते. "पण मॅडम, कंबरा हायेत ना. हॉल दुसरा भेटन."

दुसरा काही भेटला नाही. वर्ग त्या शेडखाली, गळणाऱ्या जागा चुकवून भरू लागला, आणि एकही बाई यायची थांबली नाही. थांबले होते ती मीच. पंधरा दिवस रुसून बसले आणि मग गेले. दारात त्या होत्याच. "आज काय केलं?"

"राग राग केला."

"मंग तुमाले वाका लागते," त्या हसत म्हणाल्या. "रागाले वाकणं चांगलं."

गेल्या हिवाळ्यात, वेचणीच्या ऐन दिवसांत, पंचफुलाबाई झोपेतच गेल्या. त्यांच्यासारखा शिक्षक मला पुन्हा मिळायचा नाही. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेडपाशी गेले. वर्ग आता मलाच चालवावा लागणार, असं मी मनाशी धरून चालले होते. दारात त्यांच्या जागी उभी राहिले. वेचणीवरून थेट बायका आल्या, लुगड्यांना कापसाचे पुंजके चिकटलेले. सगळ्यांत पुढे कमल होती, योगदिनी मैदानात घोरलेली तीच. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

कमलने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी आज काय केलं?"

"रडले," मी म्हणाले.

"मंग तुमी आत जाऊन झोपा. श्वास सोडा आरामानं."

मी चपला काढल्या आणि सतरंजीवर आडवी झाले. मागे दारात कमल उभी राहिली होती आणि पुढच्या बाईला विचारत होती, "आज काय केलं?"