उडणारा चतुर

तळ्यावर उडणारे चतुर टिपायला मी सकाळी लांब पल्ल्याची लेन्स लावून बसलो. दोन तासांत तीनशे बारा फोटो काढले. काडीवर बसलेल्या चतुराचे अकरा फोटो सुरेख आले, पंखांवरची जाळी मोजता येईल इतके. उडणाऱ्याचा एकही आला नाही. तो हवेत एका जागी स्थिरावतो, मी फोकस जुळवतो आणि बटण दाबेपर्यंत चौकटीत पाणीच उरतं.

घरी थोरल्या भावाला दाखवले. लहानपणी तो उडता चतुर चिमटीत धरायचा. आता पायांतलं बळ गेल्यामुळे दिवसभर खुर्चीत असतो.

"बसलेले काय दाखवतोस? बसून तर मीही आहे!" दादा म्हणाला.

त्याचे पाय जात होते, तेव्हाही मी रोज नोंद ठेवायचो. काल जिन्याच्या नऊ पायऱ्या, आज सात. नोंदीत कधी चूक झाली नाही, पण त्या आकड्यांनी एक पायरीही धरून ठेवली नाही.

दादा उरलेले फोटो एकेक करून बघू लागला. एकावर थांबून म्हणाला, "हा बघ, आत्ताच गेलाय इथून. दिसतंय ना?"

मला काहीच दिसत नव्हतं. मी हो म्हणालो.