पिठाच्या डब्यातले देव

यशवंतपूरच्या बाजारामागं राहणारी कस्तुराबाई मूळची निपाणीकडची. लग्न करून बेंगळुरात आली त्याला जमाना झाला, तरी बोलणं गावाकडचंच राहिलं, मधेमधे कानडी शिरली एवढंच. बाई भित्री. कुकरच्या शिट्टीला भ्यायची, शेजारी फोन वाजला तरी हिचा हात छातीवर जायचा. अशी बाई चौऱ्याण्णव साली यात्रेच्या बसनं काशी करून थेट नेपाळात पशुपतिनाथाला निघाली. नवऱ्यानं, आप्पाजीनं, तिला न विचारताच दोघांची नावं घालून टाकली होती.

पेच पडला देवांचा. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देवांचे तीन टाक होते. खंडोबा, भवानी आणि तिसरा वीर, म्हणजे आप्पाजीचा कुणी पणजा लढाईत की बांधाच्या भांडणात मेला होता, तो. घासून घासून तिघांचीही नाकं-डोळे पुसून गेलेले. रोज त्यांची आंघोळ, रोज निवद, त्याआधी बाईच्या तोंडात घास जायचा नाही.

शेजारची प्रेमा म्हणाली, "अक्का, तांदळात पुरून ठेवा की. देव काय पळून जातात होय?"

"महिनाभर? वीर उपाशी ऱ्हायला तर घर उठवील, बाई."

झालं, देव निघाले यात्रेला. वाटेत चोरीचं भ्या, म्हणून तिनं ते फडक्यात गुंडाळून जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात खोल दाबले.

जाताना मजाही पुष्कळ झाली. आमराईत बस थांबायची, चित्रान्न शिजायचं, बाया पाय पसरून गाणी म्हणायच्या. पण नेपाळचा घाट लागला आणि कस्तुराबाईची बोलती बंद झाली. खाली नदी सुतळीएवढी, वर दरडी लोंबलेल्या. एका वळणावर मागचं चाक चिखलात घसरलं, सगळ्यांनी उतरून बस ढकलली. ही तेवढी डबा पोटाशी धरून आत बसून राहिली. उतरायचं तर पायच हलंनात.

दर्शन झालं. परतताना पहाटेच निघाले, देवांना आंघोळ घालायला ना वेळ ना पाणी. सरहद्दीच्या नाक्यावर नेपाळी साहेबानं सगळं सामान खाली घ्यायला लावलं. जाताना कुणी डबा उघडून बघितला नव्हता. ह्यानं पिठात हात घातला आणि फडकं बाहेर काढलं.

टाक बघून त्याचे डोळे बारीक झाले. ड्रायव्हर पद्मनाभला तो हिंदीत म्हणाला, "मूर्ती जुन्या आहेत. आमच्या देशातल्या जुन्या मूर्ती बाहेर न्यायला बंदी आहे. आणि तुमच्या असत्या तर पिठात कशाला लपवल्या असत्या?"

पद्मनाभनं ते कानडीत सांगितलं. कस्तुराबाईचं तोंड पांढरं पडलं.

"माझ्या सासूचे हायत," एवढंच तिला सुचलं.

"कागद?"

"देवाला कसला कागद?"

बसमधून आवाज सुरू झाले. कुणी म्हणालं, "स्वल्प लवकर, अक्का." आप्पाजी घाम पुसत जवळ आला. "देऊन टाक. घरी गेल्यावर नवे करू. हितं तुरुंगात टाकलं तर कोण सोडवील आपल्याला?"

"नवे कराल, पण वीर कुठनं आणाल? तो काय बाजारात मिळतोय?"

"मग काय म्हणतीस?"

साहेबानं टाक उचलून कपाटात ठेवायला घेतले तशी तिच्या तोंडून निघालं, "पद्मनाभ, त्यास्नी सांग, आंघोळ राह्यलीय. सकाळपासनं उपाशी हायत."

साहेब थांबला.

"ठेवून घ्या म्हणावं, पण रोज आंघोळ घाला. ऐतवारी खंडोबाला भंडारा, मंगळवारी भवानीची वटी. आणि हा तिसरा, ह्याला पयला निवद. ह्यो मेलेला माणूस हाय, देव न्हवं. उपाशी ऱ्हायला तर रातचा उठून पाणी मागतोय. माझ्या सासऱ्याच्या उशाशी बसला हुता. मग जो घरात मोठा, त्याला धरतोय."

बाई रडत नव्हती, सोंग तर अजिबात करत नव्हती. लेक सासरी धाडताना सांगावं तसं पोटतिडकीनं एकेक सांगत होती, मागनं हाल व्हायला नकोत म्हणून. पद्मनाभनं मात्र हिंदी करताना थोडी मिरचीही टाकली असावी.

साहेबानं हातातल्या वीराकडं बघितलं. नाक नाही, डोळे नाहीत. त्यानं तो हळूच टेबलावर ठेवला.

"कुठं राहतो हा?" त्यानं विचारलं.

"माझ्या घरात," कस्तुराबाई म्हणाली. "पण आता तुमच्यात ऱ्हाईल."

साहेबाच्या शिपायानं कानात काहीतरी सांगितलं. साहेब पिठाची बोटं पँटीला पुसत म्हणाला, "ह्या आमच्याकडच्या मूर्ती नाहीत. घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत पद्मनाभनं तिला जवळजवळ उचलूनच बसमध्ये घातलं.

बस सुटल्यावर आप्पाजी म्हणाला, "चांगलं बनवलंस त्याला."

"बनवलं कशानं? मी देऊनच निघाले हुते."

पुढं लगेच आपल्याकडचा नाका. आता डब्यात काही ठेवायचं नाही म्हणून तिन्ही टाक तिनं उघडे मांडीवर घेतले. जवान आत डोकावला, टाकांवरून त्याची नजर गेली, आणि टपावर चोरटं रॉकेल आहे का एवढंच पद्मनाभला विचारून तो उतरला.

गोरखपूरच्या अलीकडं हापशावर बस थांबली. तिथं तिनं देवांना आंघोळ घातली, गूळ ठेवला, आणि मग स्वतः जेवली. दुसरी भाकरीही मागून घेतली.