घरघर ओळखणारे काका

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतले हे काका आता गाण्याच्या कार्यक्रमांचं साउंड बघतात. मी निवेदन करते, म्हणून गाठ नेहमीची. आधी वीस वर्षं ते पंख्यांच्या कारखान्यात मोटरी तपासायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर, मूठ कानाला. जराशी घरघर आली की मोटर परत. कारखाना गुजरातला गेला, काका गेले नाहीत.

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," असं ते प्रत्येक गायकाला आधीच सांगून टाकतात. मैफल रंगते, लोक माना डोलावतात आणि काका स्पीकरकडे कान लावून बसतात. नंतर गायकाने विचारलंच, कसं झालं, तर म्हणतात, "वायर नीट होती." मला याचा रागच यायचा.

परवा डोंबिवलीत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई गायल्या. वर जाताना त्यांचा आवाज फाटला, छातीतली घरघर हॉलभर ऐकू आली. आयोजक धावत विंगेत आले.

"काका, इको वाढवा ना! लोकांना कळतंय."

काकांनी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"अहो, वाढवा! नाहीतर पुढचा कार्यक्रम विसरा."

"बरं," काका म्हणाले. हात मांडीवरच होता. ते स्पीकरकडे नाही, बाईंकडे बघत होते. बाई शेवटपर्यंत गायल्या.

सामान आवरताना मी विचारलं, "काका, ती घरघर कशी काय चालली तुम्हाला?"

"कुठली घरघर?" काका वायर गुंडाळत म्हणाले. "वायर नीट होती."