रेकॉर्ड आज अडकलीच नाही

मंडळी, ही आज सकाळचीच गोष्ट. प्लेअर दुरुस्त होऊन हडपसरहून घरी आला, म्हणून माझी पहिली रेकॉर्ड लावली. दहावीनंतर बाबांनी दिलेली. तिच्यावर एक चरा आहे, तिथे सुई हमखास अडकायची. मग बाबा टेबलावर दोनदा टकटक करायचे, की गाणं पुढे सरकायचं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

आज गॅलरीत बसून अख्खी बाजू ऐकली. सुई कुठेच अडकली नाही. म्हटलं, नव्या सुईची कमाल!

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या काकू वर आल्या. "अहो, गाणी जरूर ऐका. पण मधेच दोनदा टेबल ठोकून दाद द्यायलाच हवी का?"

घरात मी एकटाच आहे.

दुसरी बाजू अजून लावलेली नाही. तुम्ही लावली असती?